साहेब येणार आहेत!

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं की प्रत्येकानं आपल्या क्षेत्रातली एकच गोष्ट सांगायची, पंधरा मिनिटांत आटपायचं आणि नातवंडांचे फोटो दाखवायचे नाहीत. सकाळी डॉक्टर मंडळींनी रक्तदाबावर बोलून घेतलं, बँकवाल्यांनी फसव्या फोनवर. माझी सदतीस वर्षं रासायनिक कारखान्यांत गेली. आधी शिफ्ट इंजिनिअर, मग प्लँट मॅनेजर आणि शेवटची काही वर्षं तीन कारखान्यांची जबाबदारी. तेव्हा मी कारखान्यातल्याच एका गोष्टीवर बोलतो. ती म्हणजे मोठ्या साहेबानं कामाच्या जागी मारायची फेरी.

विषय ऐकून काहींनी घड्याळाकडे पाहिलं, ते दिसलं मला. पण या सभागृहात कोण बसलंय ते बघा. दोघंजण इमारती बांधतात. एकीचं पन्नास खाटांचं रुग्णालय आहे. एक साखर कारखान्याचा संचालक आहे, तिघं शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. तुम्ही सगळे कधी ना कधी हाताखालच्या माणसांचं काम बघायला जाता. तुम्ही जाऊन आल्यावर ती माणसं जास्त सुरक्षित होतात की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

‘साहेब येणार आहेत’ अशी बातमी आली की कारखान्यात काय होतं, ते ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा पडतात. नर्सरीतून कुंड्या येतात. गळके ड्रम गोदामामागे जातात. कपाटातली नवी हेल्मेटं बाहेर निघतात, आणि ज्यांना द्यायला हेल्मेट उरत नाही त्या कंत्राटी कामगारांना त्या दिवशी सुट्टी मिळते. साहेब येतात, मागे आठ-दहा जणांचा ताफा. साहेब एखाद्या ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवतात आणि विचारतात, “काय, सगळं ठीक ना?” तो म्हणतो, “हो साहेब.” फोटो निघतो.

आता सांगा, त्या बिचाऱ्यानं दुसरं काय म्हणायचं? मागे त्याचा मॅनेजर उभा, त्याच्यामागे सुपरवायझर. ‘ठीक ना’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. साहेब समाधानानं परत जातात आणि दुसऱ्या दिवशी ड्रम पूर्वीच्या जागी येतात.

असल्या फेरीनं काय निसटू शकतं याचं जगाला माहीत असलेलं एक उदाहरण सांगतो. आपल्याकडे मुंबई हायला समुद्रात तेल काढतात, तसं अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात काढतात. तिथं ‘डीपवॉटर होरायझन’ नावाची रिग, म्हणजे समुद्रावर तरंगत विहीर खोदणारं अवाढव्य यंत्र, काम करत होती. विहीर बीपी कंपनीची, रिग ट्रान्सओशन कंपनीची. २० एप्रिल २०१० या दिवशी रिगवर १२६ माणसं होती. त्यात त्याच दुपारी हेलिकॉप्टरनं आलेले दोन्ही कंपन्यांचे चार वरिष्ठ अधिकारी होते. ते फेरीसाठीच आले होते. या रिगवर सात वर्षांत कामाचा दिवस बुडावा अशी एकही दुखापत झाली नव्हती, त्याबद्दल मंडळींचं कौतुक करणं हाही भेटीचा एक हेतू होता.

त्या रात्री दहाच्या सुमारास विहिरीतून वर आलेल्या वायूचा स्फोट झाला. ११ माणसं गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि पुढे ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिलं.

ते अधिकारी निष्काळजी नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. ते अनुभवी होते आणि सुरक्षेचं मनावर घेणारे होते. त्यांनी पाय घसरण्याच्या जागांबद्दल, हातांच्या दुखापतींबद्दल चर्चा केली. उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षापट्टे वेळेवर तपासलेत का, तेही पाहिलं. पण त्याच दुपारी त्या विहिरीवर एक फार महत्त्वाची चाचणी चालू होती. विहिरीतला जड चिखल काढून तिथं हलकं समुद्राचं पाणी घ्यायचं होतं. त्याआधी तळाशी ओतलेलं सिमेंट खालचं तेल आणि वायू धरून ठेवतंय का, हे बघायचं असतं. वरचा दाब कमी करायचा आणि खालून दाब परत चढतो का ते पाहायचं. चढला नाही, तर बूच घट्ट. तिथं एका नळीवर दाब शून्य होता आणि दुसरीवर तब्बल १४०० पीएसआय. हा धोक्याचा इशारा होता. पण तिथल्या मंडळींनी त्याचा काहीतरी वेगळा अर्थ लावला आणि चाचणी यशस्वी झाली असं ठरवलं.

फेरी ड्रिलरच्या केबिनपाशी पोचली तेव्हा तिथं या चाचणीवरच चर्चा चालू होती. काहीतरी अडलंय, हे पाहुण्यांपैकी एकाच्या लक्षातही आलं. त्यानं सोबतच्या रिगवरच्या जाणकारांना तिथं मदतीला थांबवलं आणि उरलेली फेरी पुढे गेली. नंतर त्यानं चाचणी नीट झाली का, म्हणून विचारलं. समोरच्यानं अंगठा वर केला. विषय संपला.

ऑस्ट्रेलियातले समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी या फेरीचा बारकाईनं अभ्यास केला आहे. मी त्यातून जे घेतलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पायाला ठेच लागणं आणि घराला आग लागणं हे दोन वेगळे धोके आहेत. ठेच लागायच्या जागा डोळ्यांना दिसतात, म्हणून साहेबांची नजर तिकडं जाते. सात वर्षं कुणाला ठेच लागली नाही, म्हणून आग लागणार नाही असं होत नाही. आणि आग कुठून लागेल हे फिरून दिसत नाही. ते तिथं रोज काम करणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, आणि अंगठा वर झाल्यावरही “कशावरून? आकडे दाखव” असं म्हणावं लागतं.

चांगली फेरी कशी असते, तेही मी पाहिलंय. मी नवा शिफ्ट इंजिनिअर होतो तेव्हा आमचे एक संचालक अधूनमधून रात्रपाळीला यायचे. ताफा नाही, कॅमेरा नाही. गेटवर स्वतः हेल्मेट आणि गॉगल चढवायचे, शिफ्टच्या माणसाला सोबत घ्यायचे आणि प्लँटमध्ये एकाच ठिकाणी अर्धा तास थांबायचे. एका रात्री त्यांनी सॉल्व्हंटच्या टाकीवरच्या जुन्या ऑपरेटरला विचारलं, “मामा, आज रात्री इथं काही बिघडलं, तर तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून कळेल?”

मामांनी जरा विचार केला. म्हणाले, “वासावरून.”

“आणि ही लेव्हल दाखवणारी काच?”

“ती कधीची काळी पडलीय साहेब. दर तासाला झाकण उघडतो आणि दांडी घालून बघतो.”

रसायनशास्त्र आठवत असेल तर हे ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल. झाकण उघडलं की सॉल्व्हंटची वाफ बाहेर, मामांचं तोंड तिच्यावर, आणि एक ठिणगी पुरे. तासाला एकदा म्हणजे रात्रपाळीत आठ वेळा. आमच्या नोंदवहीत मात्र लेव्हलचे आकडे अगदी सुबक अक्षरात भरलेले होते. ते खरेही होते. दांडीनं मोजलेत, एवढंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

संचालक ओरडले नाहीत. तिथल्या तिथं हुकूमही सोडला नाही. सकाळी त्यांनी प्लँट मॅनेजरशी दार लावून चर्चा केली. गेजचं काम प्लँट मॅनेजरच्या नावानं, त्याच्याच सहीनं निघालं. बारा दिवसांनी नवा गेज बसला. आणि त्यानंतर संचालकांनी जे केलं त्याला मी खरी फेरी म्हणतो. ते पुन्हा मामांच्याच रात्रपाळीला आले आणि त्यांनी विचारलं, “दांडी कुठंय?” मामांनी कोपऱ्यातून दांडी आणली आणि म्हणाले, “ही घेऊन जा साहेब. इथं राहिली तर कुणीतरी पुन्हा वापरेल.”

त्या रात्रीनंतर माणसं बोलायला लागली. शेजारच्या रिअॅक्टरच्या ऑपरेटरनं सांगितलं की तापमानाचा भोंगा उगाच वाजतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलीय. त्यानं ते आधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर वायर काढल्याबद्दल मेमो मिळाला असता. मामांना मेमो मिळाला नाही आणि गेज मिळाला, हे साऱ्या प्लँटनं पाहिलं होतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, अरे, आम्हाला आपल्या हेडसरांची आठवण झाली. मलाही होते. मोठ्या सुट्टीत सर पाण्याच्या टाकीपाशी यायचे, मॉनिटरला सोडून पाचवीच्या एखाद्या पोराला विचारायचे, पाणी कसं लागतंय म्हणून. आणि मग स्वतः त्याच नळाचं ओंजळभर पाणी प्यायचे. त्यांनी व्यवस्थापनावरचं पुस्तक वाचलं होतं की नाही, ठाऊक नाही. पण कुणाला विचारायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

आरोग्याचंही असंच असतं. पुढे माझ्याकडे जबाबदारी आली तेव्हा आमच्या कारखान्याच्या डॉक्टर मॅडम दर महिन्याला माझ्यासोबत फेरीला यायच्या. पॅकिंगमधल्या बायकांना उन्हाळ्यात लघवीचा त्रास वारंवार होतो, असं त्यांच्या रजिस्टरमध्ये दिसत होतं. मी विचारून कोण सांगणार? मॅडम एकट्या जाऊन त्यांच्याबरोबर डबा खायला बसल्या. दोन दिवसांत कळलं. बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला होतं, जाऊन यायला वेळ लागायचा, सुपरवायझर घड्याळ बघायचा. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. पाण्याचा कूलर मात्र त्यांच्या शेजारी होता, आणि प्रत्येक पाहुण्याला तो कौतुकानं दाखवला जायचा. स्वच्छतागृह जवळ बांधलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मॅडमचं रजिस्टर बरंच मोकळं राहिलं.

भोपाळची रात्र आपल्या पिढीला विसरता येणार नाही. डिसेंबर १९८४, आपण सगळे नुकते कॉलेजातून बाहेर पडत होतो. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग आला. जिवावर बेतेल असा धोका समोर दिसला तर तो मालकाच्या किंवा मॅनेजरच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला कायद्यानं मिळाला, आणि ऐकणाऱ्यावर लगेच उपाय करण्याची जबाबदारी आली. हक्क कागदावर आहे. पण रात्री तीन वाजता साहेबाला काही सांगायला माणसाचा धीर व्हावा लागतो. तो धीर फक्त आधीच्या अनुभवातून येतो. मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं, हे प्रत्येकजण लक्षात ठेवतो.

म्हणून बांधकामवाल्या मित्रांनो, साइटवर जाल तेव्हा नवव्या मजल्यावरच्या परांची बांधणाऱ्याला विचारा, यातला कुठला बांबू तुला स्वतःला आवडत नाही? रुग्णालयवाल्या मैत्रिणी, तू रात्री दोन वाजता वॉर्डमधल्या मावशींना विचार, आग लागली तर न चालणाऱ्या पेशंटला कोणत्या दारानं न्याल, आणि त्या दाराची किल्ली आत्ता कुणाकडे आहे? जे कळेल ते लिहून घ्या. उपाय तिथल्या प्रमुखाच्या हातून करवा, त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तोच लपवायला शिकेल. आणि होणार असो वा नसो, उत्तर घेऊन त्याच माणसाकडे परत जा. होणार नसेल तर का नाही, तेही सांगा. नुसत्या जाण्याला फेरी म्हणू नका, परत येण्यानं ती पुरी होते.

शेवटची एक सूचना, आणि ती आपल्या बॅचसाठी आहे. आपण शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून देतोय. उद्घाटनाला सगळे येऊच, रांगोळ्या असतील, फोटो निघतील, निघू देत. पण त्यानंतर एका साध्या मंगळवारी, हार-नारळ नको असं मुख्याध्यापिका बाईंना आधीच सांगून, आपल्यापैकी तिघांनी तास चालू असताना तिथं जावं. प्रयोगशाळेच्या परिचरांना विचारावं, आम्लाच्या बाटल्या कुठल्या फळीवर ठेवता? गॅसची मुख्य चावी कोण बंद करतं, आणि तो रजेवर असला तर कोण? मागचं दार उघडून दाखवाल का? मग पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे जाऊन सिलिंडरची नळी कधी बदलली, ते विचारावं. जे निघेल त्यासाठी आपल्या निधीतले थोडे पैसे राखून ठेवावेत, आणि महिन्याभरानं त्याच तिघांनी पुन्हा जावं.

वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलंय, अजून दोन हवीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिली फेरी.