सिमकार्डाची नोंद आणि लोकांचे म्हणणे



मोबाईलला आपल्या भाषेत भ्रमणध्वनी असा एक भारदस्त शब्द आहे. सरकारी कागदावर तो शोभतो. पण बांधावरचा माणूस 'माझा भ्रमणध्वनी घरी राहिला' असे काही म्हणत नाही. तेव्हा मीही आज मोबाईलच म्हणणार आहे. विषय त्या मोबाईलच्या पोटात बसणाऱ्या नखाएवढ्या तुकड्याचा, म्हणजे सिमकार्डाचा आहे. हे कार्ड कोणाच्या नावावर आहे याची नोंद असली पाहिजे, हा नियम आपल्याकडे जुनाच. परंतु २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत त्या नियमाने असे काही रूप घेतले की, गावोगावी दुकानांपुढे रांगा लागल्या. लोक चिडले, घाबरले, काही ठिकाणी हसलेसुद्धा. त्या वेळी लोक काय म्हणत होते आणि त्या म्हणण्यात तथ्य किती होते, याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

आधी माझ्या आत्याची हकीकत सांगतो. आत्याचे वय तेव्हा पासष्टीच्या पुढे. सारा जन्म खुरपणीत, काढणीत, शेणगोठ्यात गेला. दुष्काळाच्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर तिने खडीही फोडली. मुलगा पुण्याला नोकरीस. रोज रात्री आठाच्या सुमारास त्याचा फोन येतो, आणि तेवढ्यासाठीच ती मोबाईल बाळगते. २०१७ च्या दिवाळीच्या आसपास तिच्या फोनवर संदेश येऊ लागले. तिला वाचता येत नाही. शेजारच्या शाळकरी मुलीने वाचून दाखविले की, आधार जोडले नाही तर नंबर बंद होईल. आत्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की पोराचा आवाज बंद होईल. दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याला आली आणि मला घेऊन एका दुकानापुढच्या रांगेत उभी राहिली.

पाऊण तासाने नंबर आला. दुकानातल्या पोराने यंत्र पुढे केले. आत्याने अंगठा टेकवला. यंत्र काही मानीना. पदराला पुसून पुन्हा टेकवला, तरी नाही. "आजी, हात धुऊन या, बोटं घासा जरा," पोरगा म्हणाला. आत्या म्हणाली, "बाबा, उभा जन्म घासण्यातच गेला की माझा." रांगेतले लोक हसले. मग ती जरा नेटाने म्हणाली, "नाव सांगते, गाव सांगते, कार्ड बी दावते. अंगठा कशापायी नेतोस?" पोराजवळ उत्तर नव्हते. त्याचा तरी काय दोष म्हणा! त्याला वरून सांगितलेले होते की लावून घ्या, तो लावून घेत होता. सहाव्या की सातव्या खेपेस यंत्राने होकार दिला. नंतर "नीट उठला नाही, आणखी एकदा लावा" म्हणून त्याने पुन्हा एकदा अंगठा घेतला. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. शिकलेला माणूस सोबत असून त्याचा उपयोग किती होतो, हे यावरून दिसेल.

आता हा हुकूम आला कोठून ते पाहू. लोकनीती फाउंडेशन नावाच्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली होती की, मोबाईल वापरणाऱ्यांची ओळख नीट तपासली जावी. मागणी रास्तच होती. खोट्या नावाने कार्ड घेऊन धमक्या देणारे, बँकेतून बोलतो म्हणून भोळ्या माणसाची पुंजी लुबाडणारे, मुलीबाळींना रात्री-अपरात्री फोन करून छळणारे लोक असतात. त्यांचा माग लागलाच पाहिजे. ६ फेब्रुवारी २०१७ रोजी सरकारच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले की, वर्षभरात आम्ही तशी व्यवस्था उभी करू. न्यायालयाने ते नोंदवून घेतले. पुढे २३ मार्च २०१७ रोजी दूरसंचार विभागाने परिपत्रक काढले. जुन्या ग्राहकांचीही आधार आणि अंगठा यांवरून पुन्हा तपासणी करावयाची, असे त्यात ठरले. जुने ग्राहक म्हणजे शंभर कोटींहून अधिक जोडण्या! कंपन्यांनी संदेशांचा पाऊस पाडला. मुदत आधी ६ फेब्रुवारी २०१८, मग ३१ मार्च, मग न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत पुढे. लोकांची समजूत अशी झाली, किंवा करून देण्यात आली, की ही सर्वोच्च न्यायालयाची आज्ञा आहे. मग तिच्यापुढे कोण बोलणार? आणि एप्रिल २०१८ मध्ये सुनावणी चालू असताना न्यायाधीशांनीच स्पष्ट केले की, आधार जोडलेच पाहिजे असे आम्ही सांगितलेले नव्हते. तोवर कोट्यवधी अंगठे लागून गेले होते.

या काळात लोक काय बोलत होते? मी कॉलेजात शिकवतो आणि एस.टी.ने जातो-येतो, त्यामुळे दोन्हीकडचे कानावर पडत असे. एक मोठा वर्ग म्हणे, "आपण चोरी केली नाही, मग भ्यायचं कशाला?" हे म्हणणे ऐकावयास ठसठशीत आहे. पण रात्री दाराला कडी घालणारा प्रत्येक जण घरात चोरीचा माल लपवून बसलेला नसतो. दुसरा वर्ग शहरी, शिकलेल्यांचा. तो खाजगीपणाच्या हक्काची गोष्ट बोले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी हा हक्क मूलभूत आहे असे एकमताने सांगितले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला जोर होता. आमच्या गावाकडे मात्र लोक त्यावर हसत. गावात कसले आले खाजगीपण! कोणाच्या घरी काय शिजले ते गल्लीला ठाऊक.

मला हे हसणे पुरते पटत नाही. गावात माझे सगळे शेजाऱ्याला ठाऊक असते हे खरे. पण शेजाऱ्याचेही सगळे मला ठाऊक असते. तो माझ्याविषयी वाकडे बोलला तर पारावर त्याला विचारता येते. त्या यंत्राच्या पलीकडे कोण बसला आहे, माझ्या अंगठ्याचे तो काय करतो, उद्या काही चुकले तर कोणाच्या दारात जावयाचे, हे आत्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. तिचा प्रश्न नेमका तोच होता.

आणि हा प्रश्न हवेतला नव्हता. मोबाईलच्या तपासणीसाठी म्हणून अंगठा घेतला आणि त्याच्याच जोरावर ग्राहकाच्या नावे आपल्या बँकेत खाते उघडले, असा प्रकार एका बड्या कंपनीच्या बाबतीत उघडकीस आला. ग्राहकाला पत्ता नाही. गॅसच्या सिलिंडरचे अनुदान नेहमीच्या खात्यात येईना, म्हणून बायका चौकशी करू लागल्या, तेव्हा ते या नव्या खात्यात जाऊन पडत होते असे कळले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची आधारवरून ओळख तपासण्याची मुभा काही काळ थांबविली. पैसे परत फिरविण्यात आले. पण एका कामासाठी दिलेला अंगठा दुसऱ्या कामाला जातो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

झिजलेल्या बोटांविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्यात यंत्राचा खोडसाळपणा नाही आणि माणसाचाही नाही. बोटाच्या पेरावर बारीक रेघा असतात. त्या कोठे फुटतात, कोठे संपतात, त्या जागा यंत्र टिपते आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहते. खडी, सिमेंट, विटा, राखेने घासलेली भांडी यांनी त्या रेघा झिजतात. म्हातारपणी कातडी सुकते तीही भर पडते. म्हणजे ज्याने हाताने काम केले त्याचाच हात ओळखू येईना! ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने फोनवर येणाऱ्या आकड्यावरून जोडणी, बुबुळाची यंत्रे, म्हाताऱ्या-अपंगांसाठी घरपोच सोय, असे उपाय जाहीर केले. चांगलेच केले, पण आत्याच्या रांगेपर्यंत ते काही पोहोचले नाहीत.

शेवटी २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ पासून चालविलेल्या या खटल्यात न्यायालयाने आधार ही योजना बहुमताने कायम ठेवली, पण मोबाईलच्या सक्तीचे ते परिपत्रक मात्र रद्द केले. मूठभर लोक कार्डाचा गैरवापर करतात म्हणून साऱ्या जनतेच्या खाजगी जीवनात शिरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. निकालाची पाने हजाराच्या वर. आत्याचे वाक्य एवढेसे होते. त्यानंतर महिनाभरातच पन्नास कोटी नंबर बंद पडणार अशी आवई उठली, आणि तसे काही होणार नाही हे सरकारला सांगावे लागले. एकदा भ्यायलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर भितो.

नोंदणीने गुन्हे थांबतात काय, हाही प्रश्न लोक विचारीत. याचे उत्तर आपल्या देशापुरते पाहू नये. फिलिपाइन्समध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये सिमकार्डाच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा झाला. मुदत एप्रिलवरून जुलै २०२३ पर्यंत वाढवावी लागली. पुढे सप्टेंबरात तेथील तपास खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या सिनेटपुढे सांगितले की, आम्ही मुद्दाम एका हसऱ्या माकडाचे छायाचित्र लावून अर्ज भरून पाहिला, आणि कार्ड नोंदले गेले! नोंद आहे म्हणजे ती खरी आहे असे नव्हे. आपल्याकडे २०२३ च्या अखेरीस कार्ड विकणाऱ्यांचीही नोंदणी सक्तीची झाली. मला वाटते, आरंभच तेथून व्हावयास हवा होता.

आता सध्याची स्थिती. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणे कार्ड घेताना आधार देणे ऐच्छिक आहे. पारपत्र किंवा दुसरा मान्य ओळखीचा कागद चालतो, आणि आधार नाही म्हणून कार्ड नाकारता येत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अंगठा-बुबुळाच्या ओळखीचा उल्लेख पुन्हा आलेला आहे, तिकडे लक्ष ठेवावयास हवे. एका माणसाच्या नावावर नऊ कार्डे चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत सहा. मर्यादा ओलांडल्यास पहिल्या खेपेस पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आणि सांगावयाचे म्हणजे, ती जादा कार्डे तुम्ही स्वतः घेतलेली असतात असे नाही. 'आणखी एकदा लावा' म्हणून घेतलेल्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरे कार्ड निघते आणि ते तिसऱ्याच्या हाती जाते, असे गुन्हे ठिकठिकाणी पकडले गेले आहेत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मे २०२३ पासून सरकारचे संचार साथी नावाचे संकेतस्थळ आहे. (त्याचे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घातलेच पाहिजे, असा हुकूम २०२५ च्या अखेरीस निघाला होता. लोकांनी ओरड केली आणि डिसेंबरात तो मागे घेतला गेला. सक्ती नको, पण सोय कामाची आहे.) तेथे आपला नंबर घालावा, फोनवर आलेला आकडा घालावा, म्हणजे आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसते. जो आपला नसेल त्यापुढे तसे कळवता येते. पालकसभेच्या दिवशी अर्धा तास काढलात तर दहा-वीस घरांचे काम होईल. अंगठा देण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते विचारावे. दुसऱ्यांदा मागितला तर का, हेही विचारावे. कागदाची नक्कल देताना तिच्यावर आडवे लिहावे, 'फक्त सिमकार्डासाठी', आणि खाली तारीख. दुकानदार रागावला तर रागावू द्यावे.

आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी गेल्या वर्षी एका शनिवारी हे करून पाहिले. बायका जमल्या होत्या, आत्याही होती. तिच्या नावावर तीन नंबर निघाले. एक तिचा. एक मुलाने पूर्वी घेतलेला, तो तिला आठवला. तिसरा कोणाचाच नाही. बाईंनी तो 'माझा नाही' म्हणून कळवला, आणि काही आठवड्यांनी पाहिले तर यादीतून तो गेला होता. आत्या मात्र त्या दिवशी बराच वेळ गप्प बसून होती. मग बाईंना म्हणाली, "इतकी वर्सं माझ्या नावानं कोण बोलत असंल ओ? आन् काय बोलत असंल?"