गाडीचा वेग आणि अंगाला वाटणारा वेग

(संस्थेच्या वार्षिक समारंभात भाट्ये येथे दिलेले भाषण)



मी मोटारीच्या कामातला माणूस. उमेदीची बारा वर्षे आखातातल्या एका वर्कशॉपमध्ये गेली. तेव्हा मोठ्या विषयावर बोलण्याचे धाडस न करता मोटारीविषयीच बोलतो. निमित्त असे झाले की परवा नववीतल्या एका मुलाने मला रस्त्यात गाठले. म्हणाला, ‘‘चाचा, भाईजान तिकडे एका स्पोर्ट्‌स कारमध्ये बसला. सांगत होता, काही मजा नाही, हळूच वाटते. असं कसं?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हीच तक्रार घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा एक तरुण आला होता. गाडी नवी कोरी, लालभडक. ‘‘इंजिन मेलंय, नीट करा,’’ म्हणाला. आम्ही प्लग पाहिले, हवेचे फिल्टर पाहिले, सारी यंत्रे लावून तपासले. दोष कुठेच नाही. तेव्हा आमच्या फोरमनने स्पीडोमीटरवर कागद चिकटवला, त्याला शेजारी बसवले आणि गाडी हमरस्त्यावर काढली. थोड्या वेळाने विचारले, ‘‘किती असेल?’’ तो म्हणाला, ‘‘ऐंशी.’’ कागद काढला. काटा ११० च्या पुढे होता. गाडी वेगातच होती. त्याचा अंदाज मात्र तीस किलोमीटरने चुकला होता.

आता कारणे पाहू. पहिले कारण वजनाचे. आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ, दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने ‘अवंती’ नावाची स्पोर्ट्‌स कार बनवली होती. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. इंजिन दोन लिटरचे, २५० अश्वशक्तीचे, बैठकीच्या मागे बसवलेले. रूप असे की उभी असतानाच धावते आहे असे वाटावे. पण वजन दीड टनाहून अधिक. चालवणारा धरून हिशेब केला तर टनामागे दीडशेच्या आसपास अश्वशक्ती पडते. आता पुण्याच्याच बजाजची डोमिनार ४०० घ्या. तिची अश्वशक्ती सुमारे ४०, वजन १९० किलोच्या आसपास. सत्तर किलोचा स्वार बसवा आणि भागाकार करा. उत्तर तेच येते, टनामागे दीडशे! पुढे वेग वाढला की हवेचा अडथळा, टायरची पकड असल्या गोष्टींनी चित्र बदलते; परंतु जागेवरून उठताना नुसत्या अश्वशक्तीचा आकडा पाहून आपण केवढ्या अपेक्षा धरतो, ते यावरून कळेल.

दुसरे, टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते इंजिनात जादा हवा कोंबते. पण इंजिन मंद फिरत असता धूरच थोडा. मग चक्राला जोर कुठून येणार? पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग ताकद येते. त्या एका क्षणात माणसाचे मन खट्टू होते. त्यात आखाताचा उन्हाळा. पंचवीस अंशांपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे इंजिनाला श्वासच कमी मिळतो.

परंतु मुख्य कारण गाडीत नाही, आपल्यात आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, त्याला वेग कळतच नाही. वेगातला बदल तेवढा कळतो. एकसारख्या १०० च्या वेगाने सरळ जाणारी गाडी आणि उभी गाडी त्याला सारखीच. म्हणून गुळगुळीत चालणारी, काचा बंद केल्यावर आवाज आत न येऊ देणारी गाडी संथ वाटते. आणि पत्रा खडखडणारी जुनी जीप पन्नासला विमान वाटते. गोव्यात पूर्वी बनत असलेली सॅन स्टॉर्म आठवा. दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरची. इंजिन बाराशे सी.सी.च्या आतले, अश्वशक्ती जेमतेम ६०. पण जमिनीलगत बसायचे आणि वारा तोंडावर घ्यायचा. असल्या गाडीत साठचा वेगही अंगावर येतो.

उरला डोळा. तो जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागे जातात त्यावर वेग मोजतो. याची प्रयोगशाळा आपल्या दारात आहे. रत्नागिरीहून येताना भाट्याच्या पुलावर दोन्ही बाजूंना खाडीचे पाणी, नजरेजवळ काही नाही. गाडी रेंगाळते आहे असे वाटते. पूल ओलांडून सुरूबनाजवळ आलो की झाडे सपासप मागे पळू लागतात, आणि तोच वेग दुप्पट भासतो. काटा मात्र हललेला नसतो. तसेच महामार्गावर तासभर ऐंशी-नव्वदने आलेल्या माणसाला हातखंब्याला वळल्यावर साठ म्हणजे बैलगाडी वाटते. त्याला खरेच वाटते की आपण हळू चाललो आहोत. तो खोटे बोलत नाही.

पालकहो, माझी काळजी इथे आहे. वाटणारा वेग कमी झाला तरी थांबायला लागणारे अंतर कमी होत नाही. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक आणि भानावर यायला एक सेकंद धरा. साठच्या वेगाची गाडी सुमारे ३७ मीटरवर थांबते. ऐंशीची सुमारे ५७ मीटरवर. वीस मीटर जादा, म्हणजे जवळजवळ दोन एस.टी. गाड्यांची लांबी. पावसाळ्यात तर हिशेबच निराळा. मुलगा सुट्टीवर घरी आला, मित्राची गाडी मागून घेतली आणि ‘‘मी काही जोरात नव्हतो’’ असे म्हणाला, तर त्याच्यावर चिडण्यापूर्वी काटा किती दाखवत होता ते विचारा.

विद्यार्थी मित्रांसाठी एक प्रयोग आहे. मागच्या बाकावर बसून करायचा, चालवणाऱ्याने नव्हे. पुलावर आणि सुरूबनाजवळ वेगाचा अंदाज वहीत लिहा, आणि शेजारी बसलेल्याला काट्यावरचा आकडा विचारून पुढे मांडा. माझ्या धाकट्याने तो गेल्या महिन्यात केला. त्याच्या वहीत पुलापुढे ३५ आहे, सुरूबनापुढे ६०. काटा दोन्हीकडे ५० वर होता.