दाढेचा ठणका थांबला, म्हणजे दुखणं गेलं का?



‘रूट कॅनॉल करावं लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की मनात पहिली शंका येते, खरंच गरज आहे का? नुसतं सिमेंट भरून भागणार नाही का? शंका रास्त आहे. खर्च आहे, दवाखान्याच्या खेपा आहेत. म्हणून हा निर्णय होतो कसा, आणि त्यात तुम्ही सांगितलेल्या हकिकतीला किती वजन असतं, ते आज सांगतो.

दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल, त्याखाली डेंटिन आणि मधोमध पल्प. पल्प म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच दाताची नस म्हणतो. कीड इनॅमलमध्ये असते तोवर काही जाणवत नाही. डेंटिनमध्ये उतरली की थंड, गोड लागायला लागतं. जंतू पल्पच्या जवळ पोचले की पल्पला सूज येते. बोट सुजलं तर ते फुगू शकतं. इथे चहूबाजूंनी कठीण भिंती, फुगायला जागाच नाही. आतला दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून दिवसभर कशीबशी सोसलेली दाढ रात्री झोपू देत नाही.

ही सूज ओसरण्यासारखी आहे की नाही, यावर सगळा निर्णय अवलंबून असतो. त्याचा अंदाज तुम्हाला घरीही येऊ शकतो. गार पाण्याने कळ आली आणि पाणी गिळताच दोन-चार सेकंदांत गेली, तर पल्प बहुधा वाचण्यासारखा आहे. कीड काढून दात भरला की काम होतं. जोरजोरात ब्रश घासून किंवा वर्षानुवर्षं मिश्री लावून हिरडीपाशी दात झिजला असेल, तरी अशीच कळ येते. त्याला रूट कॅनॉल सहसा लागत नाही. पण पाणी गिळल्यावरही कळ अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळते, गरम चहाने उठते, काही न खाता-पिता आपोआप सुरू होते, तेव्हा पल्प पूर्ववत होण्याची आशा फार कमी उरते आणि रूट कॅनॉलची वेळ येते. काही रुग्ण तर गार पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. घोट तोंडात धरला की बरं वाटतं, पाणी कोमट झालं की पुन्हा कळ, पुन्हा घोट. अशा माणसाला बघितल्यावर निदान जवळजवळ झालेलंच असतं. राहतो तो दात नेमका कोणता, हा प्रश्न.

आणि मग एक दिवस दुखणं अचानक थांबतं. घरचे म्हणतात, लवंगेच्या तेलाने गुण आला. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच वेळेची. पुष्कळदा पल्प मेलेला असतो, म्हणून कळ कळत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, चावताना तो दात उंच झाल्यासारखा वाटतो, किंवा हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा भरते. ती फारशी दुखत नाही, म्हणून लोक सोडून देतात. कृपा करून सोडू नका. त्या पुटकुळीच्या तोंडातून आम्ही गटापर्चाची बारीक लवचीक काडी आत सरकवतो आणि एक्स-रे काढतो. काडी थेट दोषी मुळाकडे बोट दाखवते, आणि ते कधी कधी शेजारच्याच दाताचं निघतं.

दात ओळखण्यात चूक होणं अगदी सोपं आहे. खालची दाढ दुखत असते आणि कळ कानात जाते. वरची दुखते आणि रुग्ण खालची दाखवतो. म्हणून आम्ही बर्फासारखा थंड केलेला बोळा आधी चांगल्या दाताला लावतो, मग संशयिताला. आरशाच्या दांडीने हलकेच ठोकून बघतो. मुळावरची हिरडी दाबतो. कापसाची गुंडाळी चावायला देतो. दाब सोडताना कळ आली तर दाताला तडा असू शकतो, सुपारी फोडणाऱ्यांत तो दिसतो. एक्स-रे हवाच, पण त्यात पल्पची सूज दिसत नाही, आणि हाडातला बदलही बराच क्षार गेल्यावरच उमटतो. स्वच्छ एक्स-रे म्हणजे निरोगी दात, असं समजू नका.

काही दुखणी दाताची नसतातच. सर्दीनंतर एका बाजूच्या वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं की दुखणं वाढतं, तेव्हा सायनस तपासावा. तोंड धुताना गालात विजेसारखी चमक येते, तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. त्यापायी लोकांनी चांगले दात काढून घेतलेले आहेत. डाव्या जबड्यातल्या दुखण्यासोबत छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर दाताचा दवाखाना शोधू नका, तडक हृदयाची तपासणी करा.

दाताच्या दवाखान्यात आलात की शेवटची वेदनाशामक गोळी कधी घेतली ते सांगा, तिने आमच्या चाचण्यांचं उत्तर बदलतं. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. पल्पची कळ त्यांनी शमत नाही. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवू नका, कातडी भाजते. आणि डॉक्टरांना निःसंकोच विचारा, हाच दात कशावरून?

एक मात्र लक्षात ठेवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.