तपमानाचा निरोप्या



शाळेंत मुलांच्या हातीं थर्मामीटर देतांना मी एक गोष्ट नेहमीं बजावीत असें: पारा किती चढला हें वाचण्यापूर्वीं यंत्र धड आहे कीं नाहीं तें पाहावें. निवृत्त झाल्यावर हाच धडा मला एका मोटारीनें पुन्हां शिकविला.

गेल्या वैशाखांत माझा भाचा माझ्या आजारी बहिणीला हिंगणघाटहून सेवाग्रामच्या इस्पितळांत नेत होता. त्याची पेट्रोलची मोटार सकाळीं सुरू होतां होईना. झाली ती काळा धूर ओकीत. पंखा पहिल्या क्षणापासून घोंघावूं लागला. वाटेंत गाडी दोनदां बंद पडली व बहीण तासभर उन्हांत तळमळत बसली. तत्पूर्वीं एका कारागिरानें कांहींएक न तपासतां पंखा व रेडिएटर बदलून मोठी रक्कम घेतली होती!

एंजिनाभोंवतीं कूलंट खेळत असतें. तें किती तापलें हें गाडींतील संगणकास कळविणारा लहानसा नग म्हणजे सेन्सर. त्याच्या पोटांतील थर्मिस्टरचा स्वभाव विचित्र आहे: ऊष्णता वाढली कीं त्याचा विद्युत्-अवरोध घटतो. असा गुण फॅरडे यांनीं १८३३ सालीं चांदी व गंधक यांच्या संयुगांत पाहिला होता. पुष्कळ गाड्यांत हा अवरोध २० अंश सेंटिग्रेडला सुमारें २५०० ओहम, तर ८० अंशांस ३०० च्या आसपास असतो. एंजिन गार आहे असा निरोप मिळाला कीं संगणक पेट्रोल जास्त सोडतो. निरोप खोटा असेल तर तेंच पेट्रोल धूर होऊन जातें.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचें कूलंट सकाळीं हवेइतकेंच उष्ण असावयास हवें. ही पहिली परीक्षा. आम्हीं स्कॅनर लावला तों आंकडा आला उणे ४०! ज्या वर्ध्यास उन्हाळ्यांत पारा ४५ च्याही वर जातो, तेथें हा हिमालयाचा निरोप कोठून आला? याचा अर्थ एकच: विजेची वाट कोठें तरी तुटली आहे. निरोप मुळींच न पोंचल्यास कित्येक गाड्यांचा संगणक सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो.

मग सेन्सरचा प्लग काढून, एंजिन बंद व चावी चालू ठेवून, तारेकडील दोन्हीं टोकें क्षणभर जोडलीं. सेन्सर दोनच तारांचा असेल व गाडीच्या पुस्तकांत मुभा असेल तरच हें करावें. आंकडा तत्काळ शंभराच्या वर गेला. म्हणजे तारा व संगणक निर्दोष. पुढें गार एंजिनांतून सेन्सर काढून थर्मामीटरसह पाण्यांत ठेवला व पाणी हळूहळू तापविलें. मल्टीमीटरवर अवरोध पुस्तकांतील कोष्टकाप्रमाणें उतरत गेला. सेन्सरही निर्दोष! उरला तो दोहोंचा सांधा. प्लगमधील एक पट्टी सैल होऊन तिच्यावर हिरवा कळंक चढला होता. ती घासून घट्ट केली. नवा नग एकही लागला नाहीं.

परंतु यावरून कोणीं असें समजूं नये कीं कांटा नेहमीं खोटेंच बोलतो. तो लाल रेघेकडे गेल्यास गाडी ताबडतोब थांबवावी, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये; आंतील उकळतें कूलंट अंगावर उसळतें. कूलंट गळून गेलें तर सेन्सर कोरडा पडतो, आणि एंजिन जळत असतांही कांटा शांत राहूं शकतो. म्हणून कूलंटची पातळी आधीं पाहावी.

पुढच्या खेपेस बहीण सेवाग्रामला वेळेवर पोंचली. निरोप्याला शिक्षा करण्यापूर्वीं त्याची साक्ष तपासावी, इतकेंच सांगून मी आपला निरोप घेतों.