रस्त्याचा खंड आणि लोकांची वाहिनी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दुसऱ्याची जमीन कसली तर खंड द्यावा लागतो, हे आपल्या खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतील नागरिकांच्या स्थानिक दूरचित्रवाणी वाहिन्यांचा आर्थिक पाया याच न्यायावर उभारला गेला. आज तो पाया खचत आहे. त्याची कारणे आपणही समजून घेतली पाहिजेत.

केबल कंपनीची तार नगरपालिकेच्या रस्त्याखालून किंवा रस्त्याकडेच्या खांबांवरून जाते. रस्ता जनतेचा, म्हणून परवाना देताना नगरपालिका दोन अटी घालू लागल्या. नागरिक, शाळा व स्थानिक शासन यांच्यासाठी काही वाहिन्या मोकळ्या ठेवाव्यात आणि उत्पन्नाचा काही हिस्सा द्यावा. मॅनहॅटनमध्ये १९७१ साली अशा नागरी वाहिन्या सुरू झाल्या. १९८४ च्या केबल कायद्याने नगरपालिकांचा हा हक्क मान्य केला व या वाहिन्यांवरील मजकुरात ढवळाढवळ करण्यास कंपन्यांना मनाई केली. मात्र त्याच कायद्याने शुल्काला केबल सेवेच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. या पैशातून अनेक गावांत स्टुडिओ उभे राहिले, सामान्य माणसे कॅमेरा चालविण्यास शिकली आणि नगरसभेच्या बैठका घरोघरी दिसू लागल्या.

हा बोजा अखेर ग्राहकावरच पडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. कंपन्या ही रक्कम बिलात स्वतंत्र ओळीत दाखवितात आणि ग्राहकाला तो सरकारी कर वाटतो. परंतु दुकानाचे भाडेही अखेर मालाच्या किमतीतच मिसळलेले असते. म्हणून दुकानदाराला जागा फुकट द्यावी, असे कोणी म्हणत नाही.

खरी कमजोरी कायद्याच्या रचनेत होती. एक तर, हे शुल्क नागरी वाहिनीवरच खर्च करण्याचे बंधन नगरपालिकेवर नाही; ते सर्वसाधारण तिजोरीत जाऊ शकते. दुसरे असे की, वाहिनीच्या भांडवली खर्चासाठी मिळणारी रक्कम ५ टक्क्यांच्या बाहेर धरली जाते, चालू खर्चाची नाही. म्हणजे कॅमेरा घेता येतो; कॅमेरा शिकविणाऱ्याचा पगार मात्र मर्यादेतच भागवावा लागतो. तिसरी कमजोरी सर्वांत घातक ठरली. शुल्क रस्त्याच्या वापरावर न बसविता केबल-दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर बसविले गेले. २००२ साली संघीय दळणवळण आयोगाने ठरविले की, त्याच तारेतून येणारी इंटरनेट सेवा ही केबल सेवा नव्हे. म्हणून तिच्या उत्पन्नावर हे शुल्क नाही. पुढे लोक केबल सोडून इंटरनेटवर चित्रपट पाहू लागले. तार तीच, रस्ता तोच, कंपनीही पुष्कळदा तीच; पण खंड आटत चालला. २०१९ साली आयोगाने कंपन्यांच्या वस्तुरूप योगदानाचीही बरीचशी रक्कम याच ५ टक्क्यांत मोजण्यास मुभा दिली आणि २०२१ साली अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः उचलून धरला.

आपण यातून काय घ्यावे? हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. त्याच वर्षीच्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविणे बंधनकारक केले. नागरिकांच्या वाहिनीची तरतूद मात्र केली नाही. जमिनीखालच्या दूरसंचार तारांबाबत २०१६ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांना परवानगीचा प्रशासकीय खर्च आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च एवढेच घेण्याची मुभा दिली. चर बुजविण्याची मजुरी म्हणजे खंड नव्हे. जमीनमालकाला केवळ बांध दुरुस्तीचा खर्च देऊन कोणी शेत कसू लागला, तर आपण त्याला काय म्हणू?

तेव्हा आपली मागणी नेमकी असावी. तारेतून काय वाहते ते न पाहता, सार्वजनिक जागेच्या वापरावर खंड बसावा. त्यातील ठरावीक वाटा कायद्याने लोकांच्या माध्यमासाठी राखून ठेवावा. आणि त्यातून माणसांचे पगारही देता यावेत. बोलण्याचा हक्क घटनेने दिला आहे. तो बजावण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती यावे, यासाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर लक्ष ठेवणारे कार्यकर्ते हवेत.