किती काढायचं?



गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, पेशी बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. या मधल्या काळात बाईला काहीही होत नसतं. मग काहीच होत नसताना उपचार करायचा का, आणि करायचा तर किती?

या प्रश्नाचं फार महाग पडलेलं उत्तर न्यूझीलंडकडे आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स रुग्णालयात डॉ. हर्बर्ट ग्रीन होते. त्या काळी पेशींमधला असा दोष दिसला की गर्भाशयाच्या तोंडाचा मोठा शंकूच्या आकाराचा तुकडा कापत, नाहीतर गर्भाशयच काढत. एवढी कापाकापी कशाला, असं ग्रीन यांना वाटे. ही शंका रास्तच होती. पण १९६६ पासून त्यांनी अनेक बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं पाहत राहण्याचा मार्ग धरला आणि बायकांना त्याची धड कल्पनाही दिली नाही. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात हे उघड केलं. न्यायमूर्ती सिल्व्हिया कार्टराइट यांनी त्याची चौकशी केली. पुढे २००८ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला तो असा: तिसऱ्या, म्हणजे कर्करोगाआधीच्या शेवटच्या पायरीचा दोष असून उपचार अपुरे राहिलेल्या बायकांपैकी ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. नीट उपचार झालेल्यांमध्ये हे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी होतं. आपल्याला हे आकडे मिळाले ते त्या बायकांमुळे, आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

आता दुसरं टोक, आपल्या बीडचं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. पांढरं जाणं म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था नव्हे. आणि पूर्वावस्था असली, तरी त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही.

कारण दोष असतो तो तोंडावरच्या एका छोट्या पट्ट्यात, बाहेरचं आणि आतलं अस्तर जिथे मिळतं तिथे. त्याची खोली पाच मिलिमीटरच्या पलीकडे क्वचितच जाते. पहिल्या पायरीचा दोष बहुधा आपोआप जातो. तिथे फेरतपासणी पुरते. त्यापुढचा असेल, पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर तो जागेवरच नष्ट करता येतो. क्रायोथेरपीत तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा तीन मिनिटं गोठवायचं. त्याला गॅसचा सिलिंडर लागतो आणि खेड्यात नेमका तोच रिकामा असतो! म्हणून आता उष्णतेचा उपचार पुढे आला आहे. सुमारे शंभर अंशांचं टोक वीस-तीस सेकंद टेकवायचं; उपकरण हातात मावतं, बॅटरीवर चालतं. पोटात कळ येते, पण सहसा भूल लागत नाही. दोष आत शिरला असेल तर विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग काढतात, त्याला लीप म्हणतात. त्यात जागेवर भूल देतात आणि तुकडा प्रयोगशाळेत तपासता येतो. जाळण्या-गोठवण्यात हा फायदा नाही. मात्र जास्त खोल कापलं तर पुढच्या बाळंतपणात मूल अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. मूल हवं असलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत मी म्हणूनच फासाची घाई करत नाही.

तपासणीचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारकाच्या लोकांनी १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली होती, त्यात आठ वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू जवळपास निम्मे होते. अर्थात चाचणी कुणाला बरं करत नाही. दोष निघालेल्या बायका उपचारापर्यंत पोहोचायला हव्यात, आणि आपलं घोडं तिथेच अडतं. ‘रिपोर्ट घ्यायला पुढच्या महिन्यात या’ म्हटलं की रोज बुडवून किती जणी येणार?

म्हणून शक्य तिथे तपासणीच्याच दिवशी उपचार उरकावा, या मताचा मी आहे. यात एखादीवर अनावश्यक उपचार होईल, हा आक्षेप खरा आहे. पण अर्ध्या मिनिटाचा अनावश्यक शेक आणि अनावश्यक काढलेली पिशवी यांना मी एका तागडीत घालणार नाही. उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि चार आठवडे संबंध टाळायचा असतो. हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगावं लागतं. वर्षाने पुन्हा तपासायचं. बीडमध्ये शिबिर घ्यायचं असेल तर ऊसतोडीला टोळ्या निघण्याच्या महिना-दीड महिना आधी घ्या, आणि पुढच्या वर्षीची तारीखही त्याच महिन्यातली द्या.