झाकण कुणाच्या हातात?



आज कविता वाचणार नाय. फोटोबद्दल बोलायचंय.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत, सगळ्या नाही पण बऱ्याच जमातींत, माणूस मेला की काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, त्याची तसबीर समोर आणत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियात त्या नावाच्या जागी 'कुमनजायी' म्हणतात. तेच नाव असलेल्या जिवंत माणसालाही मग तीच हाक. आता इंटरनेट आलं. गोऱ्यांच्या संग्रहालयांनी पिढ्यान् पिढ्या जमवलेले फोटो एका बोटावर आले. नातू सहज काही शोधायला जातो आणि परवा पुरलेली आजी पडद्यावर उभी!

यावर शहाणे म्हणतात, ज्याला त्रास होतो त्यानं बटण दाबून फोटो बंद करून घ्यावेत. ऐकायला झकास. पण बटण आहे हे कळणार कधी? घाव बसल्यावर. आमच्या गोदीत तेजाबाच्या पिंपावर धोक्याची खूण आधीच रंगवलेली असते. विचारेल त्याच हमालाला दाखवू, असं कुणी म्हणत नाय. उघडं ठेवणं हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं.

माउंटफर्ड नावाच्या अभ्यासकाला १९४० साली पित्जंतजत्जारा लोकांनी विश्वासानं आपले गुप्त विधी उलगडून सांगितले. १९७६ साली ते पुस्तकात आले, फोटोंसकट. बायकांनी, दीक्षा न झालेल्या पोरांनी बघायचं नाही ते सगळं. पित्जंतजत्जारा कौन्सिल कोर्टात गेली आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टानं तिथं पुस्तकाला मनाई केली. बायकांपासून लपवणं मला पटत नाय. पण ते भांडण त्यांच्या बायकांचं, पुस्तकवाल्याचं नव्हे.

मग सगळंच झाकायचं का? विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनं २०११ साली ठरवलं, ज्याला नको त्याला आपल्यापुरते फोटो झाकता यावेत. तिथं लिहिणाऱ्यांतल्या अनेकांनी कडाडून विरोध केला. एकदा 'वादग्रस्त' शिक्का बसला की तोच शिक्का सरकार वापरेल, ही भीती. २०१२ साली बेत सोडला. भीती खोटी नाय. गोळ्या घालणारेच उद्या प्रेताचा फोटो 'संवेदनशील' म्हणून झाकतील.

तेव्हा शिक्का कोण मारतो ते बघा. टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांनी २००७ साली संशोधकांना सोबत घेऊन आपला संग्रह उभा केला. नाव मुकुर्तू, म्हणजे त्यांच्या भाषेत जिनसा जपायची पिशवी. कुठला फोटो कुणी बघायचा, ते नात्यावरून, बाई-पुरुष बघून, तेच ठरवतात. पुढं त्याचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. इतर देशांतले मूलनिवासीही ते वापरतात.

माझं मत सांगतो. फोटो ज्यांच्या माणसाचा, त्यांनी 'झाका' म्हटलं तर तो मुळातच झाकलेला असावा, वर कारण लिहिलेलं, आणि बघायचं त्यानं बटण दाबावं. सरकार किंवा कंपनी 'झाका' म्हणाली तर नाही. आणि दीक्षेचे विधी असतील, तर बटणसुद्धा ठेवू नये.